कमळ, तुझं मशीन चाललं

प्रिय कमळ,

काल सकाळी सव्वानऊच्या सुमारास तुझं होडीचं मशीन चालू झालं, आणि ते मी चालू केलं. हे वाक्य तू दोनदा वाचशील हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच दोनदा लिहितो. मी चालू केलं. स्टोव्हला पिन मारायला ज्याने तीस वर्षं तुला हाक मारली, त्या माणसाने.

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा मी कोण? पितरांना पान वाढण्याच्या प्रथेवर मी किती सभांमधून तुटून पडलो आहे! अविधवा नवमीला तुझं पान मी मांडलं नाही, आणि त्याचा पश्चात्तापही मला नाही. पण कालची बातमी सांगायला गावात एकही योग्य माणूस मिळेना. ज्याला त्याला 'शाब्बास गुरुजी' म्हणायचं आहे. मला शाब्बास नको आहे. मी कुठे चुकलो आणि कुठे बरोबर आलो, हे ज्या एका बाईला कळलं असतं तिलाच सांगायचं आहे. म्हणून हे पत्र.

परवा रात्री अमावास्येच्या उधाणात बाहेरच्या बांधाला खांड पडली. टोकाला, जिथे खाडी वळते तिथे. पहाटे गणू तांडेल दारात उभा. "गुरुजी, बांध गेला. बैलगाडी उभी जाईल येवढी खांड हाय." मी शेताकडे धावलो. भात पोटरीत आलेलं. कडेच्या दोन खाचरांत पाणी चकाकत होतं, बोट बुडवून चाखलं तर खारट. बाकीचं शेत अजून कोरं होतं, कारण ओहोटी लागली होती. पण दुपारची भरती बारा-साडेबाराला पुरी होणार, आणि तोवर खांड बुजली नाही तर सगळ्या गावाचं भात जाणार. शिवाय एकदा मीठ मुरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या मातीत काही उगवत नाही, हे तुला मी काय सांगू? तू खारपाटातच जन्मलीस.

जोळ बोलावली. घरटी एक माणूस, आपापलं फावडं घेऊन, बोलावणं आलं की हातातलं काम टाकून. आपल्या वाडवडिलांनी बांध असेच राखले, आणि या एका रिवाजासाठी मी पेणपासून रोह्यापर्यंत घसा फोडला आहे. बांध ज्याच्या भाताला राखतो, त्याने बांध राखायचा. पण खरं सांगू? आपल्या घरातून जोळीला कायम तू गेलीस. मी निवेदनं लिहीत असायचो. काल प्रथमच मी स्वतः फावडं घेऊन धक्क्यावर उभा राहिलो, आणि बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

चिखलात ठोकायला मेढी आल्या, बांबू आले, पेंढा आला. गडबच्या दुकानदाराने रिकाम्या गोण्या दिल्या, त्या मातीने भरल्या. सगळं पडावात चढवलं. गोंधळ पुढेच होता. बांधावरून जायची वाट गुडघाभर चिखल, गोण्या घेऊन कोण जाणार? पाण्यातूनच जायला हवं. आणि भरती सुरू झालेली, म्हणजे पाणी समोरून. भरलेला पडाव वल्ह्यांवर त्या ओढीविरुद्ध जात नाही. गावातलं दुसरं मशीन दुरुस्तीला रोह्याला गेलेलं. गणूने माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी, वहिनींचा मशीन हाय ना पडवीत?"

होतं. गेल्या वर्षी जेठात तू ते होडीवरून उतरवलंस, पुसलंस, गोधडीत गुंडाळलंस आणि पडवीच्या कोपऱ्यात उभं केलंस. त्यानंतर पंधरा दिवसांत तू गेलीस. तेव्हापासून मी त्या गोधडीला हात लावला नव्हता. यमुना म्हणायची, "दादा, देऊन टाका कोनाला, गंजून जाईल." धाकट्या भावाची बायको, तिला उलट बोलवत नाही, म्हणून मी पुस्तक उघडून बसायचो.

काल ती गोधडी मीच सोडली.

चौघांनी मशीन आपल्या होडीच्या मागच्या फळीवर बसवलं. टाकी स्वच्छ होती, तीत गणूने आपल्या कॅनमधलं तेल मिसळलेलं पेट्रोल ओतलं. नळी जोडली. गणूने दोरी ओढली, एकदा, पाचदा, पंधरादा. खोकलासुद्धा नाही.

"कार्बोरेटर गेलाय," गणू म्हणाला. मीही म्हणालो, कार्बोरेटर. कार्बोरेटरविषयी मला काय कळतं? पण नाव भारदस्त आहे. दोष शोधायचा तर सगळ्यात मोठ्या आरोपीची कॉलर आधी धरायची, ही माझी जन्माची सवय. गणूने पाना काढला. तेवढ्यात यमुना बोलली. तीही जोळीला आलेली, कमरेला पदर खोचून.

"ताई तसं नाय करायच्या. ताई टाकीपासून यायच्या."

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. परातीत मशीनचे तुकडे मांडून तू बसलेली, आणि मी शेजारी मोठ्याने भाषण पाठ करतोय. तू मला थांबवून म्हणालीस, "अहो, पेट्रोल कुठून निघतं? टाकीतून. मंग आपणपण टाकीतून निघायचं. तेच्या वाटेनं चालायचं. मधे उडी मारायची नाय. तुमी भाषणात मारता तशी." मी रागावलो होतो. तू हसतही नव्हतीस, ते तू खरंच सांगत होतीस.

मी गणूच्या हातातून पाना घेतला आणि बाजूला ठेवला. म्हटलं, टाकीपासून. काचेची एक बाटली मागवली. मशीनच्या तोंडाशी नळी सोडवली, बाटलीत धरली, नळीच्या मधला रबरी फुगा दाबला. पेट्रोल आलं. बाटली उजेडात धरली तर खाली बोटभर वेगळा थर, वर पेट्रोल तरंगतंय. पाणी! गणूचा कॅन दोन पावसाळे अंगणात, झाकण सैल.

"मशीनला पाणी पाजलंस व्हय रे?" यमुना त्याला म्हणाली.

"मलापण कुठं पेट्रोल मिलतो," गणू पुटपुटला.

टाकी रिकामी केली. पेट्रोल भांड्यात स्थिर ठेवलं, वरचं वरचं अलगद काढलं, तुझ्यासारखं सुती कापडातून गाळलं. कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू सोडून तिथलं पाणी पाडलं. आणि कमळ, तिथे मी थबकलो. मला वाटलं होतं आतून पेट्रोल सुकून झालेली चिकट काळी राळ निघेल. इतके महिने पडून असलेल्या मशीनमधून तीच निघते म्हणे. काहीच नाही. लख्ख. गणू म्हणाला, "वहिनींनी नळी काढून चालवून चालवून बंद पाडला असनार मशीन. आतला थेंब न् थेंब जाळून ठेवला." म्हणजे जाण्याआधी पंधरा दिवस, अंगात ताप असताना, तू धक्क्यावर उभी राहून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत थांबलीस. तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो आठवतं? 'चल लवकर, मला पेणला जायचंय.'

चौथ्या ओढीला मशीन सुरू झालं. निळा धूर, कानठळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या ऐकल्यावर माझं जे होतं तेच झालं. मी फळीवर उभा राहून बोलू लागलो. की बघा, अंदाज नको, पुरावा हवा; बाटली उजेडात धरा; पायरी-पायरीने जा. चांगली पाच-सात मिनिटं बोललो असेन. गणू सुकाणूशी बसून ऐकत होता, आणि शेवटी म्हणाला, "गुरुजी, भरती काय तुमचं भाषण ऐकायला थांबनार नाय."

निघालो. होडीत आम्ही तिघं, गणू, यमुना आणि मी. मागे दोराने बांधलेला पडाव, त्यात बारा माणसं आणि सगळा माल. बाकीचे चिखलातून बांधाने निघाले. पाणी समोरून येत होतं तरी होडी पुढे सरकत होती. मी तिवरांकडे बघून मोजत होतो, एक झुडूप मागे पडलं, दुसरं पडलं. दहा मिनिटं झाली असतील. मशीनचा आवाज बारीक झाला, एक गचका, दुसरा गचका, आणि बंद.

पाणी होडीला आणि पडावाला सरळ मागे नेऊ लागलं. पडावातून कोणीतरी म्हणालं, अमावास्येला मशीन बाहेर काढायलाच नको होतं. दुसरा म्हणाला, "तिचं पान नाय मांडलं. रुसलीय ती." यमुनेने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यातही तेच होतं.

माझं डोकं फिरलं. तू रुसशील? ज्या बाईने शेवटचा थेंब जाळून मशीन राखलं, ती गावाचं भात बुडवायला मशीन बंद पाडेल? मी ताडकन उठलो आणि ओरडायला लागलो. अंधश्रद्धेवर माझ्याजवळ जे जे होतं ते बाहेर आलं. होडी हलली, मी पडता पडता वाचलो.

"दादा," यमुना म्हणाली, "ताईंची बाजू घेताय ना? मंग खाली बसा न् मशीन बघा. तेनं घ्या बाजू."

बसलो. यमुनेइतकं नेमकं आजवर कोणी मला खाली बसवलेलं नाही.

आणि मला रोहा आठवलं. तुलाही आठवत असेल. मशीन गोधडीत गुंडाळून, तान्हं मूल घ्यावं तसं आपण दोघांनी कासू स्टेशनात गाडीत चढवलं होतं. माझी रोह्यात सभा, विषय स्त्रियांचं स्वातंत्र्य. तू मेकॅनिककडे. सभेला वेळ होता म्हणून मी तुझ्याबरोबर दुकानात आलो. तो मेकॅनिक कार्बोरेटर उघडायला बसला, आणि तू त्याला विचारलंस, "फुगा दाबून बगितला का?" तो म्हणाला, बाई, तुम्ही बाहेर बसा. तू बाहेर बसली नाहीस. तू फुगा हातात धरून त्याला सांगितलंस, "फुगा टणक होऊन बसला तर पुढं कुठंतरी अडलंय. फुगा चपटा झाला न् परत भरलाच नाय, तर मागून येत नाय. आधी येवढं इचारा तेला, मंग पाना घ्या." त्याने दाबला. टणक. दोष पुढे होता, नळीच्या जोडात. कार्बोरेटर उघडायची गरजच पडली नाही.

त्या दिवशी आणखी एक झालं. ते मी आजवर बोललो नाही, तूही बोलली नाहीस. सभेच्या दारात तू आलीस, हात कोपरापर्यंत काळे. आयोजकांनी विचारलं, वहिनी कुठे गेल्या होत्या? मी म्हणालो, खरेदीला. का म्हणालो मी असं? आत जाऊन तासभर मी स्त्रियांच्या श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोललो. लोक उठून उभे राहिले. तू शेवटच्या रांगेत हात पदराखाली घेऊन बसलेलीस. परतताना कासूला उतरताना एवढंच म्हणालीस, "खरेदी म्हनालात तर पिशवी तरी द्यायची हातात." मी हसलो. कमळ, ते हसणं मला अजून टोचतं. तू भांडायला हवं होतंस. माझ्याशी भांडायला तुला कोणी अडवलं होतं?

असो. काल होडीत मी फुगा हातात घेतला. मशीनला विचारायचा पहिला प्रश्न, तुझ्याच शब्दांत. दाबला. तो चपटा झाला आणि चपटाच राहिला. पुन्हा फुगेना. म्हणजे मागून येत नाही. म्हणजे कार्बोरेटर नाही, प्लग नाही, अमावास्या नाही. दोष टाकी आणि फुगा यांच्यामध्ये, हातभर जागेत.

नळी बोटांनी चाचपली. कुठे मुडपलेली नाही, कशाखाली दबलेली नाही. उरली टाकी. पेट्रोल संपलं का बघायला झाकण फिरवलं, तर 'सूं' करून हवा आत ओढली गेली. यमुनाही दचकली. पेट्रोल तर भरपूर होतं. आणि माझ्या हातातला फुगा आपोआप फुगला.

"ओढ," मी गणूला म्हणालो. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू. झाकण घट्ट लावलं. थोडं अंतर गेलो, पुन्हा बारीक आवाज, पुन्हा बंद. झाकण उघडलं, पुन्हा 'सूं'. आता मात्र मी झाकण उलटं करून डोळ्यांजवळ धरलं. झाकणाच्या मधोमध हवा आत जायला सुईच्या अग्राएवढं भोक असतं. पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा त्यातून आत यायला हवी, नाहीतर टाकी आपलं पेट्रोल सोडत नाही. ते भोक बुजलेलं होतं. मेणाने.

मेण कोणी लावलं असेल, सांग.

मीच. या वैशाखात, आगोटीची कामं करताना. तू पावसाळ्याआधी जे जे करायचीस ते मी एकट्याने केलं. काडेपेट्या डब्यात, डब्याला मेण. लोणच्याच्या बरणीला फडकं, फडक्यावर मेण. हिंगाच्या डबीला मेण. आपल्या गावात खारी हवा ज्यात शिरेल त्याचा भुगा करते, म्हणून इथे जो तो सगळं बुजवत असतो. मेणबत्ती हातात होती, पडवीत गोधडीबाहेर ठेवलेली तुझी टाकी दिसली, झाकणाला भोक दिसलं. मला वाटलं, तुझ्या टाकीत खारी हवा जाऊ नये. किती काळजीने लावलं होतं ते मेण!

पडावातले अजून पानाचंच बोलत होते. मी उभा राहिलो, या वेळी होडीची कड धरून, आणि ओरडून सांगितलं, "ती रुसलेली नाही. टाकीचं भोक मी बुजवलंय. मी. मेणाने."

मग गणू म्हणाला, "म्हंजे माझं पाणी न् तुमचं मेण. वहिनी असत्या तर दोगांना खाडीत ढकललं असतं."

यमुना हसत हसत बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढत होती. "दादा, ताई टाकीचं नाक म्हनायच्या तेला. तुमी तर नाकच दाबून धरलंत." तिने पिन माझ्या हातात दिली. तिने स्वतः टोचली असती तर लवकर झालं असतं, पण तिने मला दिली. मी मेण टोकरलं, भोकाला तोंड लावून फुंकलं. हवा आरपार गेली. झाकण लावलं, फुगा दाबला. तो भरला, पुन्हा दाबला, भरला, मग टणक झाला. "ओढ."

सव्वानऊ. त्यानंतर मशीन बंद पडलं नाही. मी मिनिटं मोजत होतो, पाच झाली, दहा झाली, पंधरा झाली. फुगा माझ्या मुठीतच होता. भरतीचं पाणी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर फुटत होतं आणि आपलं जुनं मशीन तो भरलेला पडाव ओढत होतं. गणूने सुकाणूवरून डोळे न हलवता मान डोलावली. तांडेलाची ती मान मला आजवर मिळालेल्या सगळ्या हारांपेक्षा मोठी वाटली.

खांडीशी पोचलो तेव्हा पाणी खांडीच्या तळापेक्षा अजून उंबऱ्याएवढं खाली होतं. मेढी ठोकल्या, बांबू आडवे बांधले, मागे पेंढा दाबला, मग गोण्या, मग चिखल. बायकांनी साखळी धरली. मी चिखलाचे गोळे पुढच्याच्या हातात देत होतो आणि कोणाशीही बोलत नव्हतो, त्यावर बरेच विनोद झाले. दोनदा होडी माती आणायला परत गेली, दोन्ही वेळा मशीन पहिल्या ओढीला उठलं. साडेअकराला शेवटची गोणी बसली. मग आम्ही सगळे बांधावर नुसते उभे राहिलो.

पाणी चढलं. मेढीच्या मध्यापर्यंत, मग वर. एका जागी पाझर आला, पाच जणींनी चिखल घेऊन झेप घातली. बारा वाजले, साडेबारा वाजले. एका बाजूला छातीएवढी खाडी, दुसऱ्या बाजूला पोटरीतलं भात, आणि मधे आम्ही घातलेला तो ओबडधोबड तुकडा. तो हलला नाही. मग एक काटकी उलटी वाहताना दिसली. गणू म्हणाला, "फिरलं." कमळ, गावाचं भात वाचलं! कडेची दोन खाचरं गेली, ती कोणाची ते बघून सगळ्यांनी मिळून त्यांना सुगीत वाटा द्यायचा असं तिथेच बांधावर ठरलं. पण गाव वाचलं. काय सांगू तुला, भिजलेल्या साड्यांत त्या बायका कशा हसत होत्या!

परत आल्यावर धक्क्यावर त्यातल्या सहा-सात जणी मशीनभोवती जमल्या. दोरी कशी ओढायची, फुगा का दाबायचा, नाक कुठे असतं. इतकी वर्षं हे मशीन त्यांच्यासमोर होतं, आणि ते कळणारी बाई त्यांच्यातच होती. मी कधी त्यांना बोलावून 'हिच्याकडून शिका' म्हटलं का? मला तेव्हा दुसऱ्या गावांतल्या बायकांपुढे बोलायचं असायचं.

मी पायरी-पायरीने सांगितलं, टाकीपासून. त्या ऐकत होत्या. मग यमुनेने विचारलं, "पेट्रोलात तेल किती घालायचं, दादा?"

काल ते गणूच्या कॅनमध्ये आधीच मिसळलेलं होतं. तू दर वेळी तुझ्या त्या पितळी मापाने ओतायचीस, मी शेजारी उभा असायचो, आणि एकदाही विचारलं नाही. चारचौघांत प्रश्न आला आणि माझ्याजवळ उत्तर नाही, असं आयुष्यात कधी झालेलं नव्हतं. काहीतरी ठोकून द्यायला जीभ उचललीसुद्धा. मग मी म्हणालो, "मला माहीत नाही."

कोणी हसलं नाही. यमुना म्हणाली, "मंग शिकून घ्या न् सांगा आमाला."

तर हे माझं वचन. मी शिकून घेईन, आणि मला कळेल ते त्याच दिवशी त्यांना कळेल. पुढच्या उधाणाच्या आधी या गावात मशीन चालवणाऱ्या सात बाया असतील, आणि ही विद्या कुणाची असं कोणी विचारलं, मग ते पेण असो की रोहा, सभा असो की रस्ता, मी तुझं नाव घेईन आणि तुझे हात कसे काळे असायचे ते सांगेन.

तुझ्या मशीनचा नवशिका,
वसंत